कोळशाचा स्टोव्ह: जानेवारीत सोपा, ऑक्टोबरमध्ये अवघड. असं का?

कोळशाच्या स्टोव्हवर घर गरम ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात त्रासाचा महिना कोणता? उत्तर जानेवारी येत नाही. जानेवारीत बाहेर उणे दहा असतं, स्टोव्ह दिवसरात्र एका लयीत चालतो, दिवसातून दोनदा कोळसा घातला की काम झालं. खरी कसरत असते ऑक्टोबर आणि अर्ध्या नोव्हेंबरमध्ये. पहाटे 3 अंश, दुपारी 17 अंश. पेटवावा तर दुपारी घाम, विझवावा तर पहाटे नाक गार. आणि धोका पण याच दिवसांत जास्त असतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. आज तेच नीट समजून घेऊया.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात, स्क्रँटनजवळ राहते. भाड्याच्या घरात आम्ही तिघं मराठी आणि तळघरात एक बिडाचा कोळशाचा स्टोव्ह. इकडे हे काही जुन्या काळाचं कौतुक नाही. याच भागात जगातला एक नामांकित कडक कोळसा जमिनीखाली आहे, तो स्थानिक दुकानात 18 किलोच्या पिशवीत मिळतो, आणि हाताने कोळसा घालायच्या स्टोव्हला वीज लागत नाही. बर्फाच्या वादळात लाइट गेली तरी घर गरम राहतं. म्हणून लोक अजून वापरतात.

आधी कोळसा कोणता ते बघू

आपल्याकडे कोळसा म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, शेगडीतला लाकडी कोळसा. दुसरा, चंद्रपूर-वणीकडचा दगडी कोळसा, जो वीजकेंद्रात जातो. पेनसिल्व्हेनियातला हा तिसराच प्रकार. त्याचं नाव अँथ्रासाइट. हातात घेतला तर काचेसारखा चमकतो, बोटं फारशी काळी होत नाहीत. यात कार्बनचं प्रमाण खूप जास्त आणि जळताना वायू होऊन उडणारे पदार्थ खूप कमी. त्यामुळे धूर जवळजवळ नाही, काजळी नाही. आपल्या वीजकेंद्रांतल्या कोळशात राखच 30 ते 40 टक्के निघते, इथे साधारण 10 ते 15 टक्के.

पण या गुणाची किंमत मोजावी लागते: हा कोळसा पेटता पेटत नाही. काडी लावून, रॉकेल ओतून काही होत नाही. अठराव्या शतकात इथले लोक याला निरुपयोगी काळा दगडच समजायचे. लोहाराच्या भात्याशिवाय तो जळतच नाही असा समज होता. 1808 साली विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल नावाच्या माणसाने लोखंडी जाळीवर, खालून हवा खेळती ठेवून, भात्याशिवाय तो जाळून दाखवला आणि त्यानंतर घराघरात तो शिरला. आणि एकदा पेटला की विझवणं किती कठीण, याचं टोकाचं उदाहरण पण इथलंच. सेंट्रेलिया नावाच्या गावाखालच्या खाणीला 1962 साली लागलेली आग आजही धुमसते आहे.

कोळशाचे तुकडे चाळून आकाराप्रमाणे विकतात. 'राइस' म्हणजे 5 ते 8 मिलिमीटर, 'पी' म्हणजे वाटाण्याहून थोडा मोठा, 14 ते 21 मिलिमीटर, आणि 'नट' 21 ते 41 मिलिमीटर. हाताने घालायच्या स्टोव्हमध्ये नट किंवा पी, मोटारवाल्या आपोआप स्टोव्हमध्ये राइस. हे आकार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

स्टोव्हच्या पोटात काय चाललेलं असतं

गावाकडे आजीकडे अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब पाहिला असेल तर अर्धं काम झालंच. मधे नळकांडं, खाली जाळी, खालून हवा, वरून धूर. कोळशाचा स्टोव्ह तत्त्वाने तसाच, फक्त पाण्याऐवजी खोलीतली हवा तापते, आणि धूर खोलीत न येता पाइपमधून चिमणीत जातो.

लाकूड कसंही जळतं. राखेवर आडवं टाकलं, बाजूने हवा मिळाली, तरी जळेल. कोळशाला हवा खालूनच लागते, जाळीतून, सगळ्या थराच्या मधून. सगळ्यात खालच्या थरात ऑक्सिजन भरपूर असतो, तिथे कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि खूप उष्णता निघते. हा गरम कार्बन डायऑक्साइड वर चढताना लालभडक निखाऱ्यांमधून जातो. तिथे ऑक्सिजन संपलेला असतो, कार्बन मात्र भरपूर. मग कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. हो, तोच विषारी वायू. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा कोळशाच्या स्टोव्हमधला बिघाड नाही, ते तिथलं रोजचं उत्पादन आहे. प्रत्येक स्टोव्हमध्ये, प्रत्येक मिनिटाला तो बनत असतो.

चांगल्या चाललेल्या स्टोव्हमध्ये हा वायू थराच्या वर येतो, वरच्या झडपेतून थोडी ताजी हवा मिळते, आणि तो पुन्हा पेटून कार्बन डायऑक्साइड होतो. काचेतून बघितलं तर निखाऱ्यांवर निळ्या ज्वाळा नाचताना दिसतात. इथले जुने लोक त्यांना 'निळ्या बायका' म्हणतात. त्या दिसल्या की समजायचं, वायू जळतोय. उरलासुरला चिमणीतून बाहेर जातो. सगळा खेळ त्या 'बाहेर जातो' या दोन शब्दांवर आहे.

खेच: सगळी भानगड इथेच

चिमणीला पंखा नसतो. मग वायू वर का जातो? गरम हवा हलकी, थंड हवा जड. चिमणीच्या आतला गरम हवेचा खांब बाहेरच्या तेवढ्याच उंचीच्या थंड हवेच्या खांबापेक्षा हलका असतो, म्हणून बाहेरची हवा खालून दाब देते आणि आतली वर ढकलली जाते. याला ड्राफ्ट म्हणतात. मी खेच म्हणते.

आता आकडे बघू. चिमणी 8 मीटर उंच धरा आणि आतल्या वायूचं सरासरी तापमान 50 अंश. स्टोव्ह मंद चालू असेल तर बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत एवढंच असू शकतं. घर्षण वगैरे सोडून दिलं तर:

बाहेर उणे 10 अंश असेल तर खेच साधारण 19 पास्कल.
बाहेर 0 अंश असेल तर साधारण 16 पास्कल.
बाहेर 15 अंश असेल तर साधारण 10 पास्कल.

आणि स्टोव्ह अजून मंद केला, चिमणीतलं तापमान 30 अंशांवर आलं, बाहेर तेच 15, तर खेच जेमतेम 5 पास्कल.

अशा स्टोव्हला साधारण 10 ते 15 पास्कल खेच लागते. म्हणजे दुपारच्या उन्हात मंद ठेवलेला स्टोव्ह अगदी काठावर असतो. ऑक्टोबरचा पेच हाच: हवा उबदार म्हणून आपण आच कमी करतो, आच कमी केली की चिमणी गार होते, आणि बाहेरही ऊब असल्याने दोन्ही बाजूंनी खेच कमी होते.

10 पास्कल म्हणजे किती? तुमच्या खिशात त्याचं उत्तर आहे. बऱ्याच चांगल्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर, म्हणजे बॅरोमीटर असतो. सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा, फोन जमिनीवर ठेवा, मग कमरेएवढा वर उचला. दाब साधारण 0.1 हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. तेच ते 10 पास्कल. जमिनीपासून कमरेपर्यंतच्या हवेचं जेवढं वजन, तेवढ्याशा दाबावर अख्ख्या घराची सुरक्षितता टांगलेली असते. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पुस्तकात वाचून हे पटत नाही, फोन हातात धरून पटतं.

(फोनने चिमणीची खेच मोजायला जाऊ नका. त्यासाठी मॅनोमीटर नावाचं साधं यंत्र मिळतं. त्याची बारीक नळी स्टोव्हच्या पाइपमध्ये घालून ठेवायची, काटा कायम डोळ्यांसमोर राहतो. माझ्या मते स्टोव्हनंतरची दुसरी खरेदी हीच असावी. पहिली कोणती, ते पुढे येतंय.)

"मग थोडाच कोळसा जाळा ना"

हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. लाकडाच्या बाबतीत बरोबर आहे: दोन ढलप्या टाका, तासभर ऊब घ्या, सोडून द्या. अँथ्रासाइटचं तसं नाही. त्याला जळत राहायला खूप जास्त तापमान लागतं आणि ते तापमान निखारे एकमेकांना देतात. चिमट्याने एक जळता तुकडा उचलून विटेवर ठेवा, थोड्या वेळात तो काळा पडून विझतो. म्हणून थर पातळ ठेवला की आग मरते. भट्टीच्या विटांच्या वरच्या काठापर्यंत कोळसा भरलेलाच हवा, ऑक्टोबर असो की जानेवारी. आच कमी-जास्त करायची ती हवेने, कोळशाने नाही.

आणि हवेने पण एका मर्यादेपर्यंतच. मध्यम आकाराचा स्टोव्ह अगदी मंद ठेवला तरी तासाला साधारण अर्धा किलो कोळसा खातो. एक किलो अँथ्रासाइटमध्ये साधारण 29 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली 70 टक्के घरात आली असं धरलं तर हे होतात जवळपास 2.8 किलोवॅट. म्हणजे 2 किलोवॅटचा एक हिटर आणि त्यावर अजून अर्धा, असं चोवीस तास चालू. याहून कमी करता येत नाही.

घराची गरज मात्र आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. जानेवारीत आत 20, बाहेर उणे 10, फरक 30. ऑक्टोबरच्या दुपारी आत 20, बाहेर 15, फरक 5. गरज सहाव्या हिश्श्यावर येते, पण स्टोव्ह सहाव्या हिश्श्यावर येत नाही. म्हणून घर भट्टी होतं आणि लोक हिवाळ्याच्या तोंडावर खिडक्या उघडून बसतात. हसू येतं, पण खिडकी उघडणं हा यातला सुरक्षित मार्ग आहे. हवा आणखी कोंडून आग दाबत बसणं हा धोक्याचा.

मग करतात काय

अनुभवी लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे थांबतात. पहिल्या गार पहाटेला कोळसा पेटवत नाहीत. दिवसाचं तापमानसुद्धा 10-12 अंशांच्या वर जात नाही असे सलग दिवस हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसायला लागले की मगच. तोवर संध्याकाळी लाकडाचा छोटा जाळ करायचा, तोही स्टोव्ह लाकूड जाळण्यासाठी मान्य केलेला असेल तरच. अ‍ॅपमध्ये फक्त आजचं किमान तापमान बघू नका, तासातासाचा आलेख बघा. पहाटेचे चार तास थंड आणि बाकी वीस तास उबदार असतील तर कोळसा हे चुकीचं इंधन आहे.

पेटवलाच, तर मग आच मंद ठेवायच्या काही युक्त्या आहेत. नटऐवजी पी आकाराचा कोळसा घ्यायचा. तुकडे बारीक, मधल्या फटी बारीक, हवा कमी शिरते, आग संथ चालते. काही जण नटच्या थरावर वरून पी घालतात. दुसरी युक्ती राखेची. जानेवारीत दिवसातून दोनदा जाळी हलवून राख पूर्ण पाडतात, खाली लाल निखारे पडायला लागेपर्यंत. उबदार दिवसांत एकदाच, हलक्या हाताने हलवायची आणि थोडी राख मुद्दाम ठेवायची. राख हवेला अडवते. पण फार ठेवली तर आग गुदमरते, आणि हा तोल ज्याच्या त्याच्या स्टोव्हवर शिकावा लागतो, लिहून सांगता येत नाही. तिसरी युक्ती म्हणजे कंपनीने परवानगी दिली असेल तर भट्टीच्या जादा विटा लावून कोळशाची जागाच लहान करायची. खोली तेवढीच ठेवायची, रुंदी कमी.

पाइपवर एक लोलकासारखी झुलणारी झडप असते, बॅरोमेट्रिक डॅम्पर. खेच ठरवलेल्यापेक्षा जास्त झाली की ती आपोआप उघडते आणि खोलीतली हवा पाइपमध्ये घेऊन खेच कमी करते. जानेवारीत ती दिवसभर डुलत असते. ऑक्टोबरमध्ये ती बंद दिसायला हवी. उबदार दिवशी ती उघडी अडकलेली दिसली तर आधी तिकडे बघा, कारण आहे ती थोडी खेचही ती वाया घालवतेय. पाइपमध्ये हाताने फिरवायची चकती असेल तर ती या दिवसांत पूर्ण उघडी. यावर वाद नको.

नवा कोळसा घालण्याआधी खालून थोडी जास्त हवा देऊन आग तेज करायची, चिमणी गरम होऊ द्यायची, मग कोळसा घालायचा. आणि सगळा थर नव्या कोळशाने झाकायचा नाही. एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवायचे. कारण नव्या कोळशातून आधी वायू सुटतो. त्याला पेटवायला जवळ आच असेल तर तो निळा जळून जातो. नसेल तर साठत राहतो आणि मग एकदम पेटतो. फटाका फुटल्यासारखा आवाज होतो, झडप उडते, पाइपचे सांधे सुटू शकतात. राखेच्या कप्प्याचं दार उघडून हवा देत असाल तर तिथून हलायचं नाही. ते दार उघडं विसरलं की दहा-पंधरा मिनिटांत बीड लाल होतं आणि जाळी वाकते.

कार्बन मोनॉक्साइड: फोन इथे काही करू शकत नाही

पहिली खरेदी ही: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. स्टोव्ह पेटवण्याआधी.

हा वायू दिसत नाही, वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. अँथ्रासाइटला धूर नसतो, त्यामुळे "धूर आला असता तर कळलं असतं" हा आधारही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं. म्हणून हवेत थोडा असला तरी तासागणिक रक्तात साठत जातो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, चक्कर, गोंधळ, झोप. एकाच घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर ते सर्दी-फ्लू नाही. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

फोनबद्दल स्पष्टच सांगते. आपण वापरतो त्या फोनमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा सेन्सर नसतो. कॅमेरा, मायक्रोफोन, बॅरोमीटर, यातलं काहीही तो वायू ओळखू शकत नाही. कुठलं अ‍ॅप नुसत्या फोनवर तसा दावा करत असेल तर ते काढून टाका. धुराचा अलार्म पण चालत नाही, तो कण ओळखतो, वायू नाही. वेगळंच यंत्र लागतं, ज्यात रासायनिक सेन्सर असतो. तो सेन्सर साधारण 5 ते 10 वर्षांत संपतो. यंत्राच्या मागे तारीख छापलेली असते, ती बघा.

अलार्म विकत घेताना एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अमेरिकेतल्या यूएल 2034 मानकाप्रमाणे अलार्म लगेच वाजत नाही. 70 पीपीएम असेल तर 60 ते 240 मिनिटांत वाजायला हवा, 150 ला 10 ते 50 मिनिटांत, 400 ला 4 ते 15 मिनिटांत. कारण मानक निरोगी प्रौढ माणसाचा जीव वाचवायला आणि खोटे अलार्म टाळायला बनवलंय. 30 पीपीएमखालचे आकडे बरीच मॉडेल्स दाखवतच नाहीत, शून्य दाखवतात. घरात बाळ, गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर कमी पातळीपासून आकडा दाखवणारा मॉनिटर जास्तीचा घ्यावा. अलार्मच्या जागी नाही, अलार्मच्या जोडीला.

आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि उपयोग कसा होतो ते एका दिवाळीत दिसलं. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती. बाहेर 14 अंश, स्टोव्ह मंद, खिडक्या बंद, आणि वरती स्वयंपाकघरात चकल्या तळणं चालू. तेलाचा वास घरभर नको म्हणून शेगडीवरचा एक्झॉस्ट फॅन तासभर फुल्ल. मॉनिटरचा आकडा 0 वरून 9, मग 18, मग 31. अलार्म शांत, कारण त्याच्या हिशेबाने अजून काही झालेलंच नाही. फॅन बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, तिघं अंगणात जाऊन उभे राहिलो. काही मिनिटांत आकडा उतरायला लागला.

झालं काय? फॅन घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद, घर घट्ट, तर घरात दाब कमी होतो, पाच-दहा पास्कलने सहज. वर आपण हिशेब केला, त्या दिवशी चिमणीची खेच पण तेवढीच. दोन्हींची रस्सीखेच होते आणि फॅन जिंकला की चिमणीतून हवा उलटी खाली येते. जानेवारीत तोच फॅन चालवला तर काही होत नाही, कारण खेच जोरात असते. फोडणीचा ठसका आणि चकलीचा घाणा, आपल्या स्वयंपाकात फॅन जास्त चालतो, म्हणून परदेशात अशा घरात राहणाऱ्या मराठी माणसाने हे मुद्दाम लक्षात ठेवावं. फॅन लावताना स्वयंपाकघरातली खिडकी चार बोटं उघडी. बाथरूमचा फॅन आणि कपडे वाळवायचं यंत्र पण हेच करतात.

अलार्म वाजला तर कारण शोधत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, बाहेरून आपत्कालीन नंबरला फोन करायचा. पाणी ओतून आग विझवायला जाऊ नका, वाफेचा भडका आणि तडकलेलं बीड, दोन्ही वाईट.

महाराष्ट्रात कुणी अँथ्रासाइट जाळत नाही हे खरं. पण वायू तोच आहे. निफाडच्या थंडीत रात्री खोलीत पेटती शेगडी घेऊन झोपणं, बंद बाथरूममधला गॅस गीझर, हिवाळ्यात काश्मीर किंवा हिमाचलच्या सहलीत खोलीत आणून ठेवलेली अंगीठी, या सगळ्यांत तोच कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि इथे तर चिमणीच नसते. बुखारी असेल तर तिचा पाइप खोलीबाहेर नीट गेलाय का, सांधे घट्ट आहेत का, ते झोपण्याआधी बघा. बिनचिमणीची शेगडी बंद खोलीत, कितीही थंडी असली तरी, नाहीच. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म ऑनलाइन मिळतो, सहलीच्या बॅगेत मावतो.

हंगामाच्या सुरुवातीला

पेटवायच्या आधी पाइप उघडून बघायचा. कोळशाच्या उडत्या राखेत गंधकाचे अंश असतात, पावसाळी दमट हवेत त्यांचं आम्ल होतं आणि पाइपला आतून भोकं पडतात. म्हणून खरं तर साफसफाई वसंतातच उरकायची असते. चिमणीत पक्ष्याचं घरटं नाही ना, तेही बघायचं. बरेच दिवस बंद असलेल्या चिमणीत थंड हवेचा गोळा बसलेला असतो. आधी वर्तमानपत्राचा एक कागद पाइपच्या तोंडाशी जाळून चिमणी गरम करायची आणि धूर वर जातोय का बघायचं. खाली आला तर तो दिवस पेटवायचा नाही.

मग बारीक सरपण, त्यावर जाड लाकूड, ते लाल झालं की त्यावर थोडा थोडा कोळसा. पूर्ण थर भरायला तास-दीड तास जातो. घाई केली की विझतो आणि पहिल्यापासून सुरुवात.

नवीन घेणार असाल तर

मला विचाराल तर ऑक्टोबरसाठी कोळसा हे उत्तरच नाही. एक किलो जाळला की साधारण अडीच-तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, धूर दिसत नाही म्हणून तो कमी होत नाही. हिटपंप, म्हणजे उलटा चालवलेला एसी, नेमका याच हवेत भारी चालतो. बाहेर 8-10 अंश असताना एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता सहज आत आणतो, दुपारी बंद होतो, संध्याकाळी फोनवरून चालू होतो. इथली बरीच घरं आता दोन्ही ठेवतात: थँक्सगिव्हिंगपर्यंत हिटपंप, पुढे कडाक्याच्या थंडीत आणि लाइट गेली की कोळसा. मोटारवाला स्टोकर हा मधला मार्ग आहे. तो राइस कोळसा थर्मोस्टॅटच्या हुकमाप्रमाणे थोडा थोडा सरकवतो आणि उबदार दिवशी हाताच्या स्टोव्हपेक्षा खूपच कमी आचेवर राहू शकतो. पण त्याला वीज लागते, म्हणजे वादळात मूळ फायदाच गेला.

आणि राखेचं राहिलं. मंद आगीच्या राखेत अर्धवट जळलेले तुकडे जास्त असतात, आणि ते राखेखाली दोन-तीन दिवससुद्धा धगधगत राहू शकतात. झाकणाचा पत्र्याचा डबा, घराबाहेर, लाकडी ओट्यावर नाही तर जमिनीवर. प्लास्टिकची बादली आणि गॅरेज ही जोडी टाळा, त्या राखेतून पण तोच वायू निघतो.